गाडीची तोंडधुनी

खुशालरावांच्या गाडीचा एसी पळत्या गाडीत थंड आणि उभ्या गाडीत गरम असा दोन तोंडांचा होता. हमरस्त्यावर गाडी वेगात असली की तो असा गार वारा सोडायचा, की शेजारी बसलेल्या कौशल्याबाई पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळून घ्यायच्या. तीच गाडी रेल्वे फाटकापाशी किंवा पेट्रोलच्या रांगेत थांबली, की दोन मिनिटांत त्याच झरोक्यातून चुलीपुढची झळ यायला लागायची. खुशालराव मग झरोक्यावर चापट मारत, एसीच्या आईवडिलांची आठवण काढत आणि काचा खाली करत. बाहेर मे महिना उभाच असायचा.

गाडी तिसऱ्या हाताची होती. खुशालरावांचा अकोल्याबाहेर, डाबकी रोडच्या पुढे फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती आणि हौसेपुरता गुलाब. लग्नसराईत मळ्यातून फुलं निघतात आणि उरलेल्या वर्षात वैताग निघतो, असं ते स्वतःच सांगत. एका बऱ्या लग्नसराईच्या जोरावर ही गाडी दारात आली होती, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल खुशालराव जे बोलत त्यातलं निम्मं तरी गाडीला माहीत नव्हतं.

घोळ झाला तो असल्याच बोलण्यामुळे. त्यांची एकुलती एक लेक रागिणी अमरावतीला दिलेली. तिच्या डोहाळजेवणाला खुशालराव गेले तेव्हा चार माणसांत, रसाच्या तिसऱ्या वाटीवर, त्यांनी जाहीर करून टाकलं, "एसी असा हाय गाडीचा, का काश्मीरचा मानूस बसला तं स्वेटर मांगन."

हे वाक्य विहीणबाईंनी लक्षात ठेवलं. माणिकबाई कोणतंच वाक्य विसरत नसत. नवरा गेला तेव्हा त्यांचा विपुल शाळेत होता. तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीतली पिठाची चक्की त्यांनी एकटीने चालवली होती, आणि चक्कीच्या घरघराटावर बोलून बोलून त्यांचा साधा आवाजसुद्धा दोन गल्ल्यांत पोचायचा. विपुल आता नोकरीला लागला होता, पण घरात बोलण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच यायची. रागिणीला माहेरी न्यायचे दिवस जवळ आले तसा माणिकबाईंचा फोन आला.

"इवाई, गाडीत एसी हाय ना?"

"हाय म्हंजे? आखडून जाते मानूस थंडीनं."

"मंग न्या. पन आधी मी सोता बसून पायतो. एसी थंडा असन तंच पोरगी उंबरठ्याच्या बाहेर येईन. नाई तं बाळंतपन इथंच करू. अमरावतीत का दवाखाने नाईत?"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे त्यांनी लग्नाच्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. रागिणी गेल्यापासून घरात दोनच आवाज उरले होते, एक टीव्हीचा आणि दुसरा कौशल्याबाईंचा, आणि दोन्ही बंद करता येत नव्हते. सकाळी मळ्यात निघताना "बाबा, टोपी घ्या" असं ओरडणारं कोणी नव्हतं. त्यांना लेक घरी हवी होती. चार महिने का होईना, पण हवी होती. हे असं सरळ सांगतील तर ते खुशालराव कसले? ते बायकोला म्हणाले, "आपल्याले काय बाप्पा! लोकं काय म्हनतीन म्हनून आना लागते."

"हाव," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्हनूनच तिच्या खोलीले कालपासून चुना लावून राहिले तुमी."

आता एसीचं काहीतरी करणं भाग होतं. बसस्टँडमागे एका टपरीवर "गॅस भरून मिळेल" अशी पाटी होती. खुशालरावांनी तिथे गॅस भरून घेतला. उभी गाडी होती तेवढीच गरम राहिली, फक्त खिसा थंड पडला. मग ते धर्मेंद्रच्या गॅरेजवर गेले. धर्मेंद्र हा त्यांच्याच आळीतला, तोंडाने फटकळ आणि हाताने संथ. त्याने बॉनेट उघडलं, गाडी सुरू करायला लावली, आत मुंडकं घातलं आणि तिथूनच बोलला.

"काका, गॅस काहून भरला? गॅसले काई धाड भरली नोती. समोरचा पंखा जयाला. ही जाळी दिसते ना? हिच्यावर वारा माराचं काम त्याचं. गाडी पयाली का वारा आपोआप लागते, म्हनून थंडा. थांबली का जाळी तापते, मंग एसी बोंबलते."

"मंग टाक ना बे पंखा."

"या मॉडेलचा सुटा पंखा भेटतच नाई आता. नागपूरच्या भंगारात सांगून ठेवतो, येईन जवा येईन. घाई असन तं नवा घ्या, पन थो जाळीसकट घ्या लागते." आणि त्याने किंमत सांगितली. खुशालराव शेजारी पडलेल्या टायरवर बसले.

पैसे अगदीच नव्हते असं नाही. दवाखान्यासाठी काढून ठेवलेले होते, पण ते कौशल्याबाईंच्या कपाटात होते, आणि किल्ली कमरेला. घरी जाऊन खुशालरावांनी विषयाला नुसता हात घातला, तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "त्या पैशाले हात लावसान तं मंग जेवाले डावा हात वापरा." भाड्याची गाडी करावी, तर स्वतःच्या गाडीची काश्मीरपर्यंत गेलेली अब्रू बडनेऱ्यातच पडली असती. रेल्वेचं नाव काढलं तेव्हा माणिकबाईंनी फोनवरच निकाल दिला होता, की सातव्या महिन्यात डब्याच्या पायऱ्या चढवायला ती काय बकरी आहे का. पहाटे निघावं म्हटलं, तर निघायचा मुहूर्त त्यांनी भटजींकडून काढून आणला होता आणि तो नेमका दुपारचा होता. भटजींच्या पंचांगात तापमान लिहिलेलं नसतं.

शेवटी धर्मेंद्रनेच तोड काढली. "काका, गाडी उभी असली का समोरच्या जाळीवर पानी घाला. जाळी थंडी झाली का एसी थंडा. थोडा वेळ निभते. रस्त्यानं तं काई टेन्शनच नाई."

"म्हंजे दारातच तेवढं निभवाचं?"

"हाव. बसवा अन् निंगा."

बसवा आणि निघा! धर्मेंद्र अजून बिनलग्नाचा होता, म्हणून असं बोलला. खुशालरावांना तरी अक्कल हवी होती. आपल्या वऱ्हाडात माणूस कधी नुसता निघतो का? आधी तो बसल्या बसल्या "निघतो" म्हणतो, त्यावर चहा येतो. मग उठून म्हणतो, त्यावर कोणाला तरी लोणच्याची बरणी आठवते. चपला घालून झाल्या की खरा विषय निघतो, ज्यासाठी आदल्या दिवसापासून कोणी तोंड उघडलेलं नसतं. फाटकापाशी आजारपणं होतात. आणि गाडीत बसून दार लावलं की काच खाली करायला लावून, त्यात अर्धं अंग घालून, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं जातं. आमच्याकडे पाहुणा येतो पटकन, जातो हप्त्याहप्त्याने. आणि खुशालरावांनी या सगळ्यासाठी धरला होता तो "थोडा वेळ."

ठरल्या दिवशी सकाळीच दोघं अमरावतीला पोचली. डिकीत पाण्याच्या कॅन भरून घेतल्या होत्या. बेत असा, की जेवणं झाली की खुशालराव गाडी सुरू करायच्या निमित्ताने आधी बाहेर येतील, कौशल्याबाई तांब्याभर पाणी हळूच समोरच्या जाळीवर ओततील, आणि विहीणबाई येईपर्यंत गाडीत काश्मीर तयार असेल.

रागिणीने बापाला पाहिलं आणि ती आधी हसली, मग रडली, मग "वाळले तुमी बाबा" म्हणाली. खुशालरावांचं पोट तिच्या पोटाच्या बरोबरीने पुढे होतं, तरी त्यांना ते ऐकून फार बरं वाटलं. जेवायला आंब्याचा रस, कुरड्या, भरली वांगी. माणिकबाई वाढत होत्या आणि आग्रह धमकीच्या स्वरात करत होत्या. खुशालरावांनी रस दोनच वाट्या घेतला. आज तोंड जपून उघडायचं होतं.

जेवणं उरकली. खुशालराव हात पुसत बाहेर सटकले. गल्लीत माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा गटाराच्या ओलीत मान टाकून पडलं होतं. त्यांनी गाडी सुरू केली, एसी लावला. झरोक्यातून झळ आली. कौशल्याबाई पदराखाली तांब्या लपवून आल्या आणि गाडीच्या समोर उभ्या राहून जाळीवर पाण्याची धार धरली. जाळी चर्र झाली. दुसरा तांब्या. तिसरा. वारा जरा निवला.

"हे काय करून राहिल्या, इहीनबाई?"

माणिकबाई चक्कीच्या दारात उभ्या होत्या. कौशल्याबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. त्या आयुष्यात नवऱ्याशी सोडून कोणाशी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांनी सरळ नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव गाडीतून उतरले. त्यांच्या डोक्यात त्या वेळी काहीही नव्हतं, हे पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे. पण तोंडाला डोक्याची वाट पाहायची सवय नव्हती.

"रीत हाय," ते म्हणाले.

"कोनती रीत?"

"तोंडधुनी."

"काय?"

"तोंडधुनी. पोटुशी लेक माहेरी न्यायची असन, तं आमच्यात गाडीची तोंडधुनी करा लागते. पयले बैलाच्या पायावर पानी घालत नोते का? तेच हाय. आता बैलं गेले, गाड्या आल्या."

"मंग पायावर घाला. चाकावर. तोंडावर काहून?"

खुशालरावांनी क्षणभर चाकाकडे पाहिलं. "चाक मांगं रायते," ते म्हणाले. "लेक तोंडाकून येते घरी."

याला काही अर्थ नव्हता, पण आवाज असा लावला होता, की आजोबांच्या आजोबांनी सांगितलेलं वाटावं. माणिकबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग खुशालरावांकडे, मग पुन्हा गाडीकडे. काही वेळ त्या नुसत्या कान देऊन उभ्या राहिल्या. खुशालरावांना वाटलं, संपलं. आता रिकाम्या गाडीने परत.

"मंग अशी चोरासारखी काहून करून राहिले?" त्या म्हणाल्या. "रीत हाय तं नीट करा. विपुल! दुर्गाबाईले बलाव! म्हना चार जनी घेऊन या, अन् तांब्याचे लोटे आना!"

त्या आवाजाला विपुलची गरज नव्हती. गल्लीतली दारं आपोआप उघडली. दुर्गाबाई समोरच राहायच्या. मुलांचं बारसं असो नाहीतर माणसाचं तेरावं, काय कोणत्या हाताने ठेवायचं हे सांगायला त्या आधी पोचत. आताही त्या कपाळावरचा घाम पुसत, ताटात हळदकुंकू घेऊन, मागे चार सवाष्णी अशा निघाल्याच.

"तोंडधुनी हाय," माणिकबाई म्हणाल्या. "अकोल्याकडची रीत."

"अकोल्याची कशाची?" दुर्गाबाई म्हणाल्या. "आमच्या चांदूरबाजारात तं पयलेपासून हाय. माह्या मावशीची केली होती. पानी उगवतीकून घाला लागते. गाडी काहून मावळतीकडं उभी केली?"

खुशालरावांनी तोंडाचा आ मिटला. जेमतेम पाच मिनिटं वयाच्या त्या रीतीला चांदूरबाजारात मावशी निघाली होती. पण दुर्गाबाईंच्या बोलण्यातला आपल्या कामाचा मुद्दा त्यांना लगेच सापडला.

"हाव ना! फिरवतो!" ते म्हणाले आणि गाडीत बसून सुटले. गल्लीच्या टोकाहून मोठ्या रस्त्याने भरधाव, तिथून वळसा, परत आत. जाळीला वारा लागला, एसी गार झाला. गरज नसताना त्यांनी आणखी एक फेरी मारली. "प्रदक्षिना," ते खिडकीतून म्हणाले. सवाष्णींनी हात जोडले.

मग तोंडधुनी झाली. एकेक बाई पुढे येऊन बॉनेटला हळदकुंकू लावे आणि लोटाभर पाणी जाळीत ओते. दुर्गाबाई देखरेख करत होत्या. "हळू गं, धार तुटू देऊ नोको." विपुल मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. रागिणी ओट्यावर खुर्चीत बसून बापाकडे बघत होती. तिला बाप लहानपणापासून ठाऊक होता. तिने ओठ इतके घट्ट मिटले होते, की पोट हलत होतं. हळदीचं पिवळं पाणी गाडीच्या पोटाखालून वाहून गटाराकडे गेलं, कुत्रं उठून बाजूला झालं, आणि गाडीत एसी असा काही थंड झाला की कंपनीतून निघाल्यापासून कधी झाला नसेल.

"आता मी बसून पायतो," माणिकबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी दार उघडून धरलं. माणिकबाई मागे बसल्या. दार लागलं. खुशालरावांनी डोळे मिटून सगळ्या देवांची नावं घेतली, त्यातली दोन बहुधा मंत्र्यांची होती. दार उघडलं.

"गार हाय," माणिकबाई म्हणाल्या. "न्या."

जिंकलं! खुशालरावांना तिथेच फुगडी घालावीशी वाटली. त्यांनी घाई सुरू केली. बॅगा डिकीत, लोणच्याची बरणी कौशल्याबाईंच्या पायाशी, रागिणी मागच्या सीटवर उशीला टेकून. "चाला, चाला, मुहूर्त निंगून जाईन." काचेत डोकं घालायला आलेल्या दुर्गाबाईंना त्यांनी जवळजवळ काचेतच धरलं. गिअरवर हात ठेवला.

"बाबा," रागिणी म्हणाली. "आई नाई आल्या."

खुशालरावांनी मान वळवली. माणिकबाई गाडीतून उतरून परत चक्कीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळी गल्ली गाडीभोवती आणि त्या एकट्या तिकडे, चौकटीला धरून.

"या ना इहीनबाई!" कौशल्याबाईंनी हाक मारली.

"मी इथूनच पायतो," माणिकबाई म्हणाल्या. दोन गल्ल्यांत पोचणाऱ्या त्या आवाजाने आता कसंबसं अंगण पार केलं.

"बरोबर हाय त्याईचं," दुर्गाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "सवाशिनीचं काम हाय ना हे. पानी पडलं तिथं, लेक निंगून राहिली. अशा वेळी त्याईनं समोर नसते याचं. त्याईले कयते."

रागिणीने डोळे पुसले. "बाबा, मले उलट्या होत होत्या ना, पिठाच्या वासानं," ती म्हणाली. "दोन महिने आईनं दुपारपर्यंत चक्की बंद ठेवली. लोकं भांडून दुसरीकडं गेले. कोनाले सांगू नोको म्हने. अन् रोज वाटीत काकडी घेऊन माह्या मांगं."

एसीचा वारा कोमट व्हायला लागला होता. धर्मेंद्र म्हणाला होता बसवा अन् निंगा, आणि पोरगी बसली होती, आणि हात गिअरवर होता. पाय दाबला असता तर दोन मिनिटांत ते मोठ्या रस्त्याला लागले असते. पण त्यांना एकदम भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना. खरी रीत असती, तर पूर्वजांना शिव्या देऊन मोकळे झाले असते. ही त्यांची स्वतःची होती. जेवण जिरायच्या आत जन्माला घातलेली, आणि एवढ्यात तिने एका बाईला तिच्याच दारात मागे लोटलं होतं.

त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"आता काय झालं?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आहो, थंडा चाल्ला ना!"

"जाऊ दे त्याच्या मायले," खुशालराव म्हणाले आणि खाली उतरले. "थांबा सगळ्या! रीत अर्धी रायली."

"अर्धी कशी?" दुर्गाबाई म्हणाल्या. "पाच लोटे झाले."

"शेवटचं पानी सासूचं असते."

"सासूचं?" दुर्गाबाईंनी माणिकबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इवाई, आसं चालत नाई. त्या..."

"मले मालूम हाय त्या कोन हायत. या पोरीची सासू हायत. शेवटचं पानी सासूचं. सासू सवाशिन असो, नसो, सासू ते सासू. तिच्याबिगर गाडी हालत नाई."

"आमच्या चांदूरबाजारात तं..."

"चांदूरबाजारात असन. आमच्यात नाई! रीत कोनाची हाय? आमची! कोनाले जास्त कयते, तुमाले का मले?"

दुर्गाबाईंनी ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. खुशालरावांनी बॉनेटवरचा रिकामा लोटा उचलला, डिकीतल्या कॅनमधून भरला आणि उन्हातून चालत चक्कीच्या दारापर्यंत गेले.

माणिकबाईंनी लोट्याकडे हात केला नाही.

"पंखा जयाला ना समोरचा?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

खुशालरावांनी मागे वळून दुर्गाबाई किती लांब आहेत ते पाहिलं.

"जन्म चक्कीच्या मोटरीजवय गेला माहा. गाडी चालू अन् पंख्याचा आवाज नाई, हे मले कयत नाई का?"

"मंग मघाशीच काहून नाई बोलल्या?"

"पायत होतो, तुमी कुठपर्यंत जाता ते." त्यांनी पदराने कपाळ पुसलं, मग तोच पदर डोळ्यांवरून गेला. "रस्त्यानं कसं रायते?"

"रस्त्यानं एकदम थंडा रायते. थांबलं का मरते. खोटं नाई सांगत, इहीनबाई. पोरीची शपथ. अकोल्याच्या दारापर्यंत कोठीच थांबनार नाई मी."

"अन् अशी रीत कोठीच नाई."

"नाई," खुशालराव म्हणाले. "कोठीच नाई."

माणिकबाई गाडीकडे बघत राहिल्या. मागच्या काचेला रागिणीचा तळवा टेकलेला होता. "असाले पायजे होती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी लोटा घेतला.

त्या अंगणातून चालत आल्या तेव्हा सवाष्णी दोन बाजूंना झाल्या. दुर्गाबाईंनी तोंड उघडलं आणि खुशालरावांचा चेहरा बघून मिटलं. माणिकबाईंनी जाळीवर धार धरली, सावकाश, न तुटू देता. पाणी संपलं. रिकामा लोटा बॉनेटवर ठेवला. मग त्या मागच्या खिडकीशी आल्या. रागिणीने काच खाली केली, आणि माणिकबाईंनी आत हात घालून तिच्या गालावर ठेवला. तिच्या पोटावर ठेवला. आतला सगळा थंडावा त्या उघड्या काचेतून गल्लीत जात होता. खुशालराव परत गाडीत बसून स्टिअरिंग धरून होते.

वेळ गेला. रागिणी घामाने चिंब झाली, कौशल्याबाईंनी पदराने वारा घालायला घेतला. कोणी कोणाला निघा म्हणेना.

"इवाई," माणिकबाई म्हणाल्या. हात अजून आतच होता. "हाका आता गाडी."

"हाकतो ना. तुमचं होऊ द्या."

"माहं नाई होत," त्या म्हणाल्या. "तुमी हाका. तुमी हाकल्याबिगर माह्यानं हात निंगत नाई."

खुशालरावांनी गिअर टाकला आणि गाडी इतकी हळू सोडली, की माणिकबाई खिडकीबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालत येऊ शकल्या.